पडदा किती वेळ उघडायचा

बाळीवेस, सोलापूर
११ जून २०२४

महिपती,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, आणि आता तर माझा नंबर लागतच नाही. काय केलंयस ते समजलं. म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, विषय तुझा-माझा नाही. अपेक्षाचा आहे. तुझी लेक जिवंत आहे आणि माझ्या ओळखीच्या जागी आहे. सारजावहिनींना आधी हे सांग, मग पुढचं वाच.

सध्या ती माझ्या दुकानात कॅमेरा शिकते.

तू म्हणशील, बार्शीला दिलेली पोरगी सोलापुरात मल्लप्पाच्या स्टुडिओत काय करते? साखरपुड्यात मी चार लोकांत बोललो होतो, पोरगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षण पुरं होऊ दे. तू म्हणालास, तुला फोटो काढायला बोलावलंय, सल्ला द्यायला नाही. मी फोटो पुरे काढले आणि घरी आलो. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. ते असू दे. त्याचा सूड म्हणून मी तुझ्या पोरीला काही शिकवत नाही, एवढं तरी माझ्याबद्दल मान.

दुकानात आता काम म्हणजे पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन. पण तो जुना कॅमेरा मी ठेवला आहे, तुझ्या लग्नात वापरला तोच. त्यात सेल लागत नाही, काढलेला फोटो बघायला मागं काच नाही. सगळं आपल्या हातानं ठरवायचं. तिनं कपाटात बघितला आणि म्हणाली, ‘मला ह्याच्यावर शिकवा काका.’ मी म्हटलं, डिजिटलवर शीक, सोपं जाईल. ‘नको. हाच.’

वरच्या चकतीवर आकडे आहेत. हजार, पाचशे, अडीचशे, असे उतरत उतरत एकपर्यंत. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, ‘काका, हजार म्हणजे जास्त ना? मग हजारावर फोटो काळा येईल असं का म्हणता?’ सगळे इथंच अडकतात. मी मागचं झाकण उघडलं आणि कॅमेरा रिकामाच तिच्या हातात देऊन खिडकीकडं धरायला लावला. म्हटलं, आत पडदा आहे, तो बघ. एकवर ठेवून बटण दाबलं, पडदा उघडला, सेकंदभर खिडकी दिसली, मिटला. तीसवर नुसती चमक. हजारावर तिला काही दिसलंच नाही. ‘उघडला का?’ म्हणाली. उघडला की. सेकंदाचे हजार तुकडे कर, त्यातल्या एका तुकड्यापुरता उघडला. आकडा मोठा तेवढा वेळ थोडा, आणि वेळ थोडा तर उजेडही थोडा. एक घर खाली आलं की उजेड दुप्पट. तिला लगेच कळलं. डोकं चांगलं आहे पोरीचं, तुला माहीतच आहे.

पडद्याचा खट्ट आवाज झाला की ती दचकायची. नवीन माणूस एकदा दचकतो. ही दर वेळी दचकत होती.

मग हात हलण्याचा धडा. साठाच्या खाली कॅमेरा हातात धरून फोटो काढू नये, पुसट येतो, कारण आपलं अंगच धडधडत असतं. मी तिला सांगितलं, कोपर बरगडीला टेकव, आधार मिळतो. ती म्हणाली, ‘बरगडीला टेकवता येत नाही मला.’ का ते मी विचारलं नाही. ट्रायपॉड काढून दिला. त्यावर कॅमेरा हलत नाही, पण समोरचं माणूस हलतंच.

‘माणसानं श्वास धरला तर?’
‘तर चालेल की. अर्धा सेकंद कुणीपण दम धरतो.’

घाई लई करते. किती दिवसांत येईल म्हणून विचारलं. मी म्हणालो, हात बसायला महिना तरी जाऊ दे. तिचं तोंड उतरलं. ‘एवढा वेळ नाही काका माझ्याकडं,’ म्हणाली. सोलापूरचा जून तुला सांगायला नको, आणि ही मनगटापर्यंत बाह्या आणि गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसते.

मला माहीत आहे ते सगळं मी इथं लिहिलेलं नाही. आधी तिला विचारायला हवं. तोवर बार्शीहून कुणी चौकशी केली तर तुला काही ठाऊक नाही, एवढं पाळ.

तुझा
मल्लप्पा

---

बाळीवेस, सोलापूर
१६ जून २०२४

महिपती,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाला विचारलं, बाबांना किती लिहू? म्हणाली, ‘सगळं लिहा. मी तोंडानं सांगितलं तेव्हा त्यांनी अर्धंच ऐकलं.’

ती बाहेरून शिकायला येते असं तुला वाटेल, अशा बेतानं मी मागचं पत्र लिहिलं होतं. ते पत्र तुझ्या जावयाच्या, ऋतुराजच्या हाती पडलं तर, ही धास्ती होती. ती आमच्याच घरात राहते, दुकानाच्या वरच्या खोलीत.

बार्शीच्या एसटीनं आली. हातात एक पिशवी आणि पायात घरातल्या सपाता. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून बाकावर बसून राहिली, फोटो काढायला आल्यासारखी. गर्दी ओसरल्यावर म्हणाली, ‘काका, ओळखलं का?’ तुझ्या मांडीवर बसवून तिच्या जावळाचे फोटो मी काढलेत, महिपती. आणि मी ओळखलं नाही.

आमची भुवनेश्वरी कानडीतून ‘बा मगळे’, ये पोरी, म्हणत तिला आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती तोंडावर पदर दाबून. म्हणाली, ‘पोरीच्या पाठीवर जागा राहिली नाही हो.’

मागच्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली आणि बाळ गेलं, असं तुम्हाला कळवलं होतं. ती घसरली नव्हती. ऋतुराजनं पोटात लाथ घातली होती. दोनदा ती तुझ्याकडं करकंबला आली आणि दोन्ही वेळा तू नवी साडी नेसवून परत धाडलीस. दुसऱ्या वेळेनंतर त्यानं हात मोकळा सोडला. तिचा बाप बोलत नाही हे त्याला कळून चुकलं होतं, असं ती म्हणते. हे शब्द तिचे आहेत.

डॉक्टरकडं चल म्हटलं तर नको म्हणाली. डॉक्टर पोलिसांना कळवतील, पोलीस आले तर बाबांना करकंबच्या बाजारात मान वर करता येणार नाही. मान तुझी, महिपती. पाठ तिची.

‘पण फोटो हवेत,’ म्हणाली. ‘आत्ता कुणाला द्यायचे नाहीत. उद्या कुणी म्हणालं काही झालंच नव्हतं, तर असावेत.’ भुवनेश्वरीनं फोन पुढं केला तर ही मागं सरकली. तिचे काही फोटो ऋतुराजच्या फोनमध्ये आहेत. घर सोडलंस तर गावभर पाठवीन, असं तो म्हणायचा. तिचा स्वतःचा फोन त्यानं भिंतीवर आपटून फोडला. म्हणून तिला असा फोटो हवा होता की जो कुठं उडून जात नाही, जो हातात धरता येतो. आणि तो तिला दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायचा नव्हता. घाई कशाची ते आता तुला कळलं असेल. वळ निळे होते ते हिरवट पडायला लागले होते.

तर असं. मी तिला लेन्सवर लावायची हिरवी काच दिली. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर त्यानं लाल-निळं गडद उठतं. पण ती काच उजेड खाते, म्हणून पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. फ्लॅशनं कातडी पांढरी पडते आणि वळ धुऊन निघतात. स्टुडिओचे मोठे दिवे तर मी केव्हाच मोडीत काढले. खोलीच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची गॅलरी आहे. तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्या अंधारात अर्ध्या सेकंदाशिवाय गत नव्हती. शेजारी खुर्चीच्या पाठीवर त्या दिवसाचा पेपर लावायला मी सांगितलं, म्हणजे तारीख फोटोत येईल. भुवनेश्वरी दाराशी बसली, मी खाली काउंटरवर. सेल्फ टायमरची कुरकुर खालपर्यंत ऐकू यायची, मग पडदा उघडल्याचा खट्, आणि जरा थांबून मिटल्याचा. सगळा रोल संपेपर्यंत मी ते ऐकत होतो.

रोल तिनंच धुतला, मी नुसता सांगत होतो. ओल्या पट्टीला चिमटे लावून ती उजेडापुढं धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘तुम्हीच बघा काका. नाहीतर काय चुकलं ते मला कळणार नाही.’

मी बघितलं. खुर्ची स्पष्ट. पेपरची तारीख स्पष्ट. भिंतीवरचा खिळासुद्धा स्पष्ट. फक्त अपेक्षा पुसट. पाठीवरचे वळ एकमेकांत मिसळून धुरासारखे झाले होते. एखादा वकील म्हणाला असता, फिल्मला डाग पडलाय.

‘मी श्वास धरला होता,’ म्हणाली. ‘धरवत नाही. बरगडीत कळ येते.’

मी तिला खरं ते सांगितलं. वेग वाढवायचा तर उजेड पाहिजे, आणि उजेड फक्त खिडकीतून येतो. ती वर गेली.

सकाळी चहा घेताना भुवनेश्वरीला म्हणाली, ‘काकू, तो खिडकीचा पडदा काढून टाका.’
‘अगं, समोर माणसं असतात.’
‘असू देत. मी काय चोरी केलीय का?’

भुवनेश्वरीनं दांडीसकट पडदा काढला. समोरच्या गॅलरीत एक बाई ज्वारी निवडत बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं, सूप उचललं, पोरांना आत घेतलं आणि आपलं दार लावून घेतलं. आजवर त्या बाईनं आमच्याजवळ त्याचा एक शब्द काढलेला नाही.

ऊन खोलीत आलं. अपेक्षानं एकशे पंचवीसवर फोटो काढले. तेवढ्यात श्वास धरावा लागत नाही.

आता सगळं दिसतं. पट्ट्याच्या बकलाचा चौकोन तीन ठिकाणी उमटलेला दिसतो. मी तुला ते फोटो पाठवणार नाही, ते तिचे आहेत. तू येऊन बघ. ती म्हणते, ‘बाबा स्वतः आले तर मी त्यांच्याबरोबर जाईन.’ अजून असं म्हणते ती.

ये.

मल्लप्पा

---

बाळीवेस, सोलापूर
४ जुलै २०२४

महिपती,

तू आलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी तू माझ्या उंबऱ्यात उभा होतास, केस सगळे पांढरे. मला वाटलं, गळ्यात पडावं. तुला पाहून पोरगी जिना उतरताना दोन पायऱ्या चुकली.

तिनं फोटोंचं पाकीट तुझ्यासमोर ठेवलं. तू त्यावर हात ठेवलास आणि बाजूला सारलंस. ‘मला नको दाखवू बाई, मला बघवायचं नाही,’ म्हणालास. तिला ते प्रेम वाटलं. मलाही थोडं तसंच वाटलं. भुवनेश्वरीला नाही वाटलं. तू गेल्यावर ती म्हणाली, ‘ज्याला बघायचं नसतं त्याला काही करायचं नसतं.’ मी तिच्यावर चिडलो.

तू म्हणालास, करकंबलाच ठेवतो, बार्शीचं नाव काढणार नाही. भुवनेश्वरीनं दिलेलं पाणी हातात घेऊन म्हणालास. म्हणून ती तुझ्याबरोबर आली. निघताना तिनं दोन्ही रोलच्या निगेटिव्ह माझ्याजवळ दिल्या. ‘ह्या इथं राहू देत. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणाला देऊ नका, बाबांनासुद्धा.’ मी हो म्हणालो.

काल दुपारी वहिनींच्या फोनवरून तिचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. येत्या रविवारी तुमच्याकडं बैठक आहे म्हणे. ऋतुराज, त्याचे वडील, दोन्हीकडची मोठी माणसं. तो सगळ्यांसमोर माफी मागणार, आणि मग पोरीनं मन मोठं करायचं. तिनं तुला विचारलं, बाबा, तुम्ही काय ठरवलंय? तू म्हणालास, चार लोक म्हणतील तसं.

महिपती, चार लोकांनी तिची पाठ बघितलेली नाही. तू पण बघितली नाहीस. रविवारी बैठक बसायच्या आधी तिच्याकडून ते पाकीट मागून घे. खोलीत एकटा बस आणि एकेक फोटो बघ. मग बाहेर येऊन चार लोकांना जे सांगायचं ते सांग. मी एवढंच मागतो. ते बघून झाल्यावरही तू तिला गाडीत बसवलंस, तर मी तुला पुन्हा काही म्हणणार नाही.

गावात तुझ्या शब्दाला वजन आहे. लोक आपसातले तंटे तुझ्या ओट्यावर आणतात. तू नुसतं ‘नाही’ म्हणालास तर त्यांच्यातलं कोण तोंड उघडणार आहे?

हे पत्र शनिवारच्या आत मिळावं म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतो आहे.

मल्लप्पा

---

दवाखान्यातून
९ ऑगस्ट २०२४

महिपती,

तू सकाळी इथून गेलास, म्हणून हे पत्र करकंबच्या पत्त्यावर.

अपेक्षाला अजून शुद्ध आलेली नाही. कमरेचं हाड आणि पाठीचा मणका. डॉक्टर म्हणतात, वाचेल. पायांचं विचारलं तर मान हलवून निघून जातात.

ऋतुराजच्या घरचे सांगतात, गच्चीवर कपडे वाळत घालताना तोल गेला. त्या गच्चीला कठडा आहे. माझ्या छातीपर्यंत येतो, साखरपुडा त्याच घरी होता तेव्हा तिथंच उभं राहून मी मांडवाचे फोटो काढले होते.

तू ऋतुराजच्या वडिलांच्या शेजारी बाकावर बसला होतास. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी औषधाच्या खिडकीपाशी होतो, आणि तुझा आवाज मी ओळखतो. ‘आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ त्या आधी तू खाकरलास आणि धोतराचा सोगा सारखा केलास, बैठकीत निवाडा सांगताना करतोस तसं.

मग वहिनी उठल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझ्या पुढ्यात त्यांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

‘ओ सायेब, त्यास्नी काय इचारताय? मला इचारा की. माज्या लेकीला ढकललंय त्यानं. आन त्याच्या गाडीत तिला ह्यांनीच बशिवली व्हती. ती माजा पदर सोडत न्हवती, ह्यांनी तिची बोटं सोडवली. लिवा. समदं लिवा.’

तू म्हणालास, ‘सारजे, गप बस.’
‘न्हाय बसायची,’ म्हणाल्या. ‘लई बसले.’

आता त्या आमच्याकडं आहेत. त्यांना न्यायला येऊ नकोस.

मी एका अडचणीत आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय माणूस नाही, हे माझं नशीब. जबाब घेणाऱ्या बाई चांगल्या आहेत. विचारतात, आधीच्या मारहाणीचा काही पुरावा आहे का? अपेक्षाकडचे फोटो बार्शीत त्यांनी चुलीत घातले, हे वहिनींना तिनंच फोनवर सांगितलं होतं. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत. पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि तिचं तोंड नळ्यांनी बांधलेलं आहे. भुवनेश्वरी म्हणते, देऊन टाका, वेळ का घालवता? वहिनी म्हणतात, तिला इचारा, तिचं हायती. मी थांबलो आहे. ऋतुराज बाहेर चहा पीत उभा असतो. मी जाता-येता तो मला नमस्कार करतो.

तिला आजवर सगळ्यांनी न विचारता इकडून तिकडं नेलं. मी तरी विचारून करीन.

मल्लप्पा

---

बाळीवेस, सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२६

महिपती,

मधल्या काळात मी तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण राग इतका होता की अक्षर लागत नव्हतं. वहिनी तुमच्या घरून आपले कपडे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, माझी पत्रं तुझ्या कपाटात आहेत, सगळी फोडलेली, घड्या पडून मऊ झालेली. म्हणजे तू वाचतोस. म्हणून हे लिहितो.

काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. वहिनी तुझा फोन घेत नाहीत आणि अपेक्षाचा नंबर तुझ्याजवळ नाही.

शुद्ध आल्यावर तिला बोलता यायला बरेच दिवस गेले. नळी काढली त्या दुपारी मी बाजूला बसलो होतो. म्हटलं, ‘अपेक्षा, त्या निगेटिव्ह पोलिसांना देऊ का?’ तिनं छताकडं बघत विचारलं, ‘अजून दिल्या नाहीत?’ मी म्हटलं, तू सांगितलं नव्हतंस. ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात उचलता येत नव्हता. म्हणाली, ‘द्या काका. सगळ्या द्या. पुसट आल्यात त्यापण द्या.’

मी दोन्ही रोल दिले. स्पष्ट फोटोंवरून तारीख, वळ, बकल, सगळं मिळालं. पुसट फोटोंचं काय करायचं हे पोलीस साहेबांना कळेना. ती म्हणाली, ‘माझा श्वास धरवत नव्हता, तेपण असू दे त्यात.’ ऋतुराजला अटक झाली. जामिनाला दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा त्या फोटोंमुळं नाकारला. तिसऱ्यांदा मिळाला. तो आता बार्शीतच आहे, त्यांच्या घरच्या दुकानात बसतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तिचे पाय गेले. आम्ही दुकानाची मागची बाजू रिकामी करून तिथं तिची खाट टाकली, जिन्याचा प्रश्न नको म्हणून. वहिनी तिच्याजवळ निजतात. अंघोळ, कूस बदलणं, सगळं त्याच करतात. पाठीला जखमा होतात, त्या धुताना ती ओरडते, मग वहिनी तिच्याशी करकंबच्या बाजारातल्या बायकांच्या गप्पा मारत बसतात. मधून ती हसतेही. रोज नाही. कधी कधी दोन-दोन दिवस भिंतीकडं तोंड करून असते, जेवत नाही, आणि आम्ही तिघं म्हातारी माणसं बाहेर बसून एकमेकांकडं बघतो.

कॅमेऱ्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. मी एकदा नेऊन दिला, तर म्हणाली, ‘माझं काम होतं तेवढं झालं काका. मला त्याची आवड नव्हती.’ मी कपाटात ठेवून दिला. आता ती कॉलेजचं राहिलेलं वर्ष पुरं करते आहे, घरी बसून.

साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात लागली आहे. समन्स तुलाही आलं असेल. तिला आलं, वहिनींना आलं, मला आलं. त्यांचा वकील करकंबला येऊन गेला हे इथं कळलं आहे. दोन वेळा आला, चहा घेऊन गेला. लोक सांगतात की तू त्यांच्या बाजूनं साक्ष देणार. जावई चांगला होता, पोरगी आधीपासून हट्टी होती, असं सांगणार. खरं-खोटं मला माहीत नाही.

मी अपेक्षाला म्हटलं, बाबांना पत्र घालून विचारू का, ते काय सांगणार आहेत? ती म्हणाली, ‘विचारू नका. मला ते तिथंच ऐकायचंय, माझ्यासमोर.’

म्हणून मी विचारत नाही. उपदेशही करत नाही, तो तुला कधी मानवला नाही. फक्त एक व्यवहाराची गोष्ट लिहितो.

कोर्टात तारीख आहे ती खोली वरच्या मजल्यावर आहे. मागच्या वेळी आम्ही तिला चाकांच्या खुर्चीसकट जिन्यानं वर नेली. एक बाजू मी धरली होती आणि दुसरी तिथल्या एका अनोळखी माणसानं. अर्ध्या जिन्यात माझा हात सुटला. ती पडली नाही, त्या माणसानं सावरली. पण तिनं डोळे गच्च मिटले आणि तोंडातून आवाज काढला नाही, वर पोहोचेपर्यंत. गच्चीवरून खाली येतानाही ती ओरडली नव्हती, असं बार्शीतल्या शेजाऱ्यांनी सांगितलंय. माझं वय तुझ्याएवढंच आहे, पण तू अजून शेतात राबतोस, तुझे हात बळकट आहेत.

त्या दिवशी सकाळी लवकर ये आणि जिन्याच्या खाली थांब. तिनं हो म्हटलं तर दुसरी बाजू धर. नको म्हणाली तर बाजूला हो आणि आमच्या मागून वर चढ. वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘येऊ देत. म्या काय बोलायची न्हाय. पर खुर्ची जड हाय, त्यास्नी म्हणावं दोनी हातांनी धरा.’

मल्लप्पा